जनुभाऊचं ‘होऊन जाईल’

एका तालुक्याच्या गावात, पिठाच्या गिरणीपाशी, एक वाक्य अर्धंच ऐकू आलं.

“दवाखान्यातल्या जनुभाऊनं म्हणे लिंबाजीला जाणूनबुजून…”

तेवढ्यात गिरणीवाल्याने पट्टा चढवला. गिरणी घरघरायला लागली आणि वाक्याचा उरलेला भाग ज्वारीबरोबर दळला गेला. बोलणारी बाई आपला डबा डोक्यावर घेऊन निघून गेली. ऐकणाऱ्या बायका मागे राहिल्या, आणि त्यांच्याजवळ राहिलं ते अर्धं वाक्य. अर्धी भाकर निदान पोटात तरी जाते. अर्धं वाक्य तोंडातच घोळत राहतं. दिवस मावळायच्या आत ते गावभर झालं आणि ज्याने त्याने त्याला आपापलं शेपूट जोडलं. कोणी म्हणालं, जनुभाऊने जुनं वैर काढलं. कोणी म्हणालं, लिंबाजीचं नावच कॉम्प्युटरमधून पुसून टाकलं. कोणी तर शपथेवर सांगितलं, की जनुभाऊ बायकोला घेऊन गाव सोडून पळाला.

खरं काय घडलं, ते मात्र असं.

त्या गावात खानझोडे डॉक्टरांचा दवाखाना होता. छोटासाच. दोन खोल्या आणि मध्ये हिरवा पडदा. अलीकडे रांग, पलीकडे डॉक्टर. जनार्दन तिथे कामाला लागला तेव्हा तो नावं पुकारायचा आणि गोळ्यांच्या पुड्या बांधायचा. शाळा जेमतेम झालेली. माणूस मात्र हातापायाने चपळ आणि मनाने चिवट.

पुढे डॉक्टरांच्या मुलाने शहरातून एक कॉम्प्युटर पाठवून दिला. तो खोक्यातून बाहेर काढायलाही कोणी धजेना. आयाबाई शेवंता तर त्याच्यापासून हातभर लांब उभी राहून झाडायची. जनार्दनानेच एके दुपारी हिय्या केला. वायरी जोडल्या, एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, चुकलं, पुन्हा दाबलं. शिकवायला कोणी नव्हतं. विचारायला कोणी नव्हतं. महिनोन् महिने तो दुपारची झोप सोडून त्या कॉम्प्युटरसमोर बसला आणि लहान मूल भिंतीला धरून चालायला शिकतं तसा शिकला.

मग काय विचारता! पेशंटचं नाव, वय, मागचा आजार, कोणाला कोणतं औषध मानवत नाही, सगळं त्याने आत भरलं. ज्याला एखादं औषध बाधतं त्याच्या नावापुढे तो लाल खूण करायचा. खानझोडे डॉक्टरांचं वय झालं होतं. लक्षात राहायचं नाही. ते पडद्याआडून विचारायचे, “जनुभाऊ, लाल खूण आहे का रे?” आणि जनुभाऊ अलीकडून सांगायचा, “आहे साहेब, सल्फा चालत नाही,” नाहीतर, “नाही साहेब, खुशाल द्या.” जनार्दनाचा जनुभाऊ झाला तो तेव्हापासून. जुने केसपेपर पोती भरून पडले होते. ते त्यानेच रद्दीवाल्याला घालायला लावले. “आता कागद कशाला, साहेब? सगळं आत आहे.”

गावातली माणसंही आपलं काहीबाही घेऊन त्याच्याकडे यायला लागली. कोणाचा मोबाइल बंद पडला, कोणाचा दाखल्याचा अर्ज ऑनलाइन भरायचा, कोणाच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. जनुभाऊ कोणालाही नाही म्हणायचा नाही. त्याचा एक शब्द ठरलेला.

“होऊन जाईल.”

येत असलं तरी होऊन जाईल आणि येत नसलं तरी होऊन जाईल. येत नसलेलं तो नंतर खटपट करून शिकून घ्यायचा आणि बहुतेक वेळा होऊनही जायचं. लोकांनाही तो शब्द गोड लागायचा. कोणी कधी त्याला विचारलं नाही, की बाबा रे, तुला येतं का? आणि आपण होऊन ‘मला येत नाही’ म्हणायची त्याला मनातून भीती वाटायची. त्याला वाटायचं, ज्या दिवशी आपण असं म्हणू त्या दिवशी आपण पुन्हा पुड्या बांधणारा जनार्दन होऊ.

दुखणं काही त्या भीतीपासून सुरू झालं नाही. ते सुरू झालं खंडेनवमीला.

खंडेनवमी म्हणजे अवजारांच्या पूजेचा दिवस. शेतकरी नांगर पुजतो, सुतार रंधा पुजतो. दवाखान्यातही पूजा असायची. पाटावर डॉक्टरांची नळी, रक्तदाबाचं यंत्र, कात्र्या, चिमटे आणि मधोमध कॉम्प्युटर, झेंडूची माळ घातलेला. त्या वर्षी जनुभाऊ फुलं घेऊन आला, तर पाटावर त्याची काळी डबी अगदी लख्ख चकाकत होती. डबी म्हणजे काय, तर कॉम्प्युटरमधल्या सगळ्या नोंदींची दुसरी प्रत तिच्यात ठेवलेली असायची. पहिली बिघडलीच तर ही हाताशी असावी म्हणून.

शेवंताबाई हसतमुखाने म्हणाली, “भाऊ, तुमची डबी किती धुळकटली होती हो! विळे-खुरप्यांबरोबर घरी नेली होती. साबणाच्या पाण्यात घालून चांगली घासली.”

जनुभाऊने झटकन पुढे होऊन ती उचलली. डबी हलवून पाहिली, तर आत पाणी खुळखुळलं.

तिची काय चूक? तिच्या घरी पिढ्यान् पिढ्या अवजार धुऊनच पुजत आले. न धुतलेल्या अवजाराला कुंकू लावणं हेच तिच्या लेखी पाप. ती तर भावाच्या कामाची वस्तू म्हणून जास्तच मायेने घासत बसली होती. तिचा तो आनंदलेला चेहरा पाहून जनुभाऊला बोलवेना. डॉक्टर हात जोडून उभे होते. त्यांनी सहज विचारलं, “काय रे, डबी बरी आहे ना?”

“होऊन जाईल साहेब,” जनुभाऊ म्हणाला, आणि त्याने ओल्या डबीला कुंकू लावलं.

घरी येऊन त्याने ती अंगणात उन्हात ठेवली. त्याची बायको मंदा मिरच्या वाळत घालत होती.

“हे काय? डबीचे सांडगे घालताय का?”

“तू गप्प बस.”

“बसते. पण ती बिघडली असेल तर डॉक्टरांना सांगून टाका. दुसरी आणतील. तुम्हाला गिळणार आहेत का ते?”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“मला कळत नाही, म्हणून तर विचारते,” मंदा मिरच्या पसरत म्हणाली. “तुम्हाला कळेनासं झालं की तुम्ही कोणाला विचारता?”

जनुभाऊने डबी उलटून तिची दुसरी बाजू उन्हात केली. शहरात असतात म्हणे एकेका कचेरीत कॉम्प्युटरवाले दहा-दहा जण. एकाचं अडलं की शेजारच्याला हाक मारतो. याच्या शेजारी होती शेवंताबाईची बादली.

डबी वाळली, पण उघडली नाही. जनुभाऊने कुणाला काही सांगितलं नाही. मनाशी म्हणाला, कॉम्प्युटर तर चालू आहे ना? डबीचं बघू सवडीने. सांगायला उशीर झाला की सांगणं आणखी अवघड होऊन बसतं. आज शेवंताबाईचं नाव घ्यावं लागेल म्हणून राहिलं, उद्या ‘इतके दिवस का बोलला नाहीस’ म्हणतील म्हणून राहिलं.

दिवाळी सरली. एका सकाळी गावात विजेचा दाब एकाएकी वाढला. घरोघरचे दिवे फटाफट गेले. गिरणीची मोटर जळाली. दवाखान्यात जनुभाऊने बटण दाबलं, तर कॉम्प्युटरमधून जळका वास आला आणि पडदा काळा तो काळाच राहिला. आत भरलेलं सगळं गेलं. दुसरी प्रत खंडेनवमीलाच गेली होती, आणि कागद तर रद्दीत.

त्याच वेळी त्याने मधला हिरवा पडदा बाजूला करून डॉक्टरांपुढे उभं राहायचं होतं. एवढंच म्हणायचं होतं, “साहेब, सगळं गेलं. मला ते परत आणता येत नाही. आता प्रत्येकाला नीट विचारून औषध द्या.” डॉक्टर रागावले असते. एक दिवस, फार तर दोन दिवस. पण त्याने स्क्रूड्रायव्हर आणला, मागचं झाकण उघडलं आणि तो वायरींमध्ये बोटं घालून बसला. डॉक्टरांनी आतून विचारलं, “काय झालं रे?” तर म्हणाला, “मशीन जरा बसलंय. होऊन जाईल.”

डॉक्टरांनीही उठून पाहिलं नाही. जनुभाऊ आहे ना बाहेर, मग झालं.

आता लिंबाजीचं सांगायला हवं. लिंबाजी शाळेची घंटा वाजवायचा. ऐकू यायचं सगळं, पण जन्माचा मुका. लिहिता-वाचता येत नव्हतं. आईबाप गेल्यावर थोरली बहीण गयाबाईने त्याला सांभाळलं. ती खाणावळीत भाकरी थापायची. काही वर्षांपूर्वी लिंबाजीला डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, तर अंग चहूकडून सुजलं आणि श्वास लागला. डॉक्टर रात्रभर त्याच्या उशाशी बसले, तेव्हा कुठे तो वाचला. त्या वेळी डॉक्टर स्वतःच म्हणाले होते, “जनुभाऊ, याच्या नावापुढे लाल खूण कर. मी विसरेन. तू विसरू नकोस. याला तर सांगताही येत नाही.”

दर वेळी गयाबाई लिंबाजीबरोबर यायची. यंत्र जळालं नेमक्या त्याच दिवशी खाणावळीत लग्नाच्या वऱ्हाडाच्या पंगती होत्या, तिला निघता येईना. “जा रे, जनुभाऊ आहेत तिथं,” असं म्हणून तिने त्याला एकट्याला पाठवलं. अंगात ताप, घसा सुजून गच्च. नंबर आला तसा तो हसून जनुभाऊला हात करून आत गेला.

जनुभाऊ उघड्या कॉम्प्युटरपुढे बसला होता. रांग खोळंबली होती. रांगेतला कापडदुकानदार मोठ्याने म्हणाला, “काय मास्तर, हार घातला होता ना नवमीला? मग रुसलं कशानं हे?”

चारजण हसले. जनुभाऊचे कान तापले.

“दुरुस्त होतंय का नुसतं उचकून ठेवलंय?” दुकानदार थांबेना.

आणि तेवढ्यात पडद्याआडून डॉक्टरांचा आवाज आला.

“जनुभाऊ, लिंबाजी आलाय. पेनिसिलिन द्यावं म्हणतो. याला लाल खूण आहे का रे?”

जनुभाऊने काळ्या पडद्याकडे पाहिलं. त्याला अंधुक आठवत होतं, कुठल्यातरी लिंबाजीला खूण होती. पण गावात लिंबाजी दोन. एक हा, एक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असलेला. खूण याची का त्याची? आणि औषध कोणतं? जे वर्षानुवर्षं यंत्रात होतं ते त्याने डोक्यात ठेवायचं कधीच सोडून दिलं होतं. उठून आत जायचं म्हणजे सगळ्या रांगेसमोर सांगायचं, की यंत्र मेलंय, सगळं गेलंय आणि मला काही येत नाही. दुकानदार तोंडाकडे बघत होता.

त्याला वाटलं, एक वायर अजून जोडून पाहू. एवढी जोडली की चालू होईल, मग बघून सांगू.

“जनुभाऊ?”

“होऊन जाईल साहेब!” तो ओरडला.

त्याच्या मनात होतं, यंत्र होऊन जाईल. पडद्यापलीकडे ऐकू गेलं, इंजेक्शन होऊन जाईल.

आत लिंबाजीने सुई पाहिली आणि तो दोन्ही हात जोराजोराने हलवू लागला. गळ्याकडे बोट दाखवलं, छाती धरली, डोळे मोठे केले. डॉक्टर हसून म्हणाले, “अरे, एवढा बाप्या माणूस आणि सुईला घाबरतोस? मुंगी चावल्यासारखं वाटेल बघ.” दर वेळचंच आहे याचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मायेनेच त्याचा दंड धरला.

थोड्या वेळाने पडद्यापलीकडे स्टूल पडल्याचा आवाज झाला.

डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. जनुभाऊने स्वतः लिंबाजीला पाठीवर घेतलं आणि जीपमध्ये घातलं. जिल्ह्याच्या रस्त्यावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन तो एकसारखा म्हणत होता, “लिंबा, अरे लिंबा, माझ्याकडे बघ.” लिंबाजी बघत होता. नदीचा पूल ओलांडायच्या आधीच त्याने बघायचं सोडलं.

पोलीस आले, जबाब झाले. डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने दवाखान्याला कुलूप लावलं. म्हणाले, “मी पडदा सारून चार पावलं आलो असतो, तर? माझं नाव आधी लिहा.” शेवंताबाईला कोणी काही सांगितलं नाही, तरी तिने ओळखलं. ती डबी उराशी धरून रडली, “भाऊ, मला एका शब्दानं बोलला असता, तर मी चार शिव्या खाल्ल्या असत्या हो. शिव्यांनी काय अंगाला भोकं पडतात?”

जनुभाऊ घरात बसून राहिला. गावात अफवा फिरत होती, ती त्याच्या कानावर यायची. मंदा दारात उभी राहून भांडायची, “माझा नवरा खुनी नाही!” एके दिवशी तो उठला, टोपी घातली आणि खाणावळीकडे निघाला.

मंदा म्हणाली, “कशाला जाता? ती तुम्हाला जोड्यानं मारेल.”

“मारू दे,” तो म्हणाला.

गयाबाई परातीत भाकरी थापत होती. सुतक फिटलं होतं. खाणाऱ्यांना भूक लागायची ती लागतच होती. जनुभाऊ चुलीपासून लांब उभा राहिला. त्याने सगळं सांगितलं. खंडेनवमी, डबी, जळका वास, रद्दीत घातलेले कागद, दुकानदाराचं हसणं आणि त्याने दिलेलं ते उत्तर. आडपडदा ठेवला नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा तो एवढं बोलला असेल.

“गयाबाई, मी त्याला मुद्दाम मारलं नाही. देवाशपथ. मला त्या वेळी काही माहीत नव्हतं, आणि ते मला सांगता आलं नाही.”

गयाबाईचा हात थांबला नाही. भाकरी गोल झाली, तिने ती तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग त्याच्याकडे न पाहताच म्हणाली,

“सांगता येत नव्हतं ते माझ्या लिंबाला, जनुभाऊ. देवानं त्याला जीभच दिली नव्हती. तरी तो हात हलवत होता म्हणे. तुम्हाला काय झालं होतं?”

जनुभाऊ खाली बसला. भाकरी फुगली, तिने ती काढली आणि दुसरी थापायला घेतली. त्याच्याशी ती पुन्हा बोलली नाही. त्यानेही क्षमा मागितली नाही. मागण्यासारखं काही उरलंय असं त्याला वाटलं नाही.

हळूहळू गावाला खरं काय ते कळलं. पण खऱ्याची चाल अफवेइतकी वेगाची नसते. वैर नव्हतं, हे कळलं. नाव पुसलं नव्हतं, हे कळलं. जनुभाऊ पळालाही नाही. तो त्याच घरात राहतो. मोबाइल घेऊन कोणी आलंच तर आधी म्हणतो, “मला हे येत नाही हो,” आणि येणारा ओशाळून परत जातो.

म्हणजे अफवा खोटीच होती म्हणायची. फक्त तिच्यातला ‘जाणूनबुजून’ हा एक शब्द पुरता खोटा ठरला नाही. लिंबाजीला काय बाधतं, हे जनुभाऊला त्या क्षणी माहीत नव्हतं. पण आपल्याला ते माहीत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

तात्पर्य: एखादी गोष्ट न येणं हा गुन्हा नव्हे, येत नाही हे वेळेवर न सांगणं हा गुन्हा, आणि त्याची शिक्षा बहुतेक वेळा भलत्यालाच होते.